बोंडल्यापासून बाटलीपर्यंत : बाळाच्या भांड्याची गोष्ट



बारशाला काय न्यायचं, हा प्रश्न गटात सारखा कुणाला तरी पडतोच. आपल्या आज्यांच्या काळी ऐपत असेल तर चांदीचं बोंडलं नाहीतर वाटी-चमचा, आणि नसेल तर झबलं-टोपडं. आता तालुक्याच्या दुकानात दुधाच्या बाटलीचा सेट मिळतो. रंगीत खोक्यात बाटली, दोन निपल, घासायचा ब्रश. दिसायलाही छान दिसतो. आज आम्ही या बाटलीचा इतिहास सांगणार आहोत. बाळासाठी कुठलीही वस्तू निवडताना काय पाहायचं, ते या एका भांड्याच्या गोष्टीतून चांगलं कळतं.

आधी एक गोष्ट मान्य करू. वरचं दूध पाजायची वेळ बायकांवर पूर्वीपासून येत आली आहे. बाळंतपणात आई दगावली, आजारी पडली, कामावर गेली, की तान्ह्याच्या पोटात काहीतरी घालावंच लागे. जर्मनीच्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या जुन्या थडग्यांमध्ये मातीची छोटी तोटीची भांडी सापडली. शास्त्रज्ञांनी त्यांतल्या तीन भांड्यांना आतून चिकटलेले अंश तपासले, तर ते गाई-शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे निघाले. ही भांडी सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तपासणीचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तेव्हाही कुणीतरी बाई बाळाला मांडीवर घेऊन तोटीने दूध पाजतच होती.

आपलं बोंडलं त्याच जातीचं. छोटी वाटी आणि तिला पुढे निमुळती तोटी. चांदीचं, पितळेचं, आता स्टीलचंही मिळतं. दक्षिणेत यालाच पलाडाई म्हणतात आणि कमी वजनाच्या बाळांना दूध पाजायला दवाखान्यांतही ते वापरतात. वाटी वरून उघडी, त्यामुळे आत काय आहे ते दिसतं आणि बोटाने घासता येते. पण जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. पितळेच्या बोंडल्याची कल्हई गेली की त्यात दूध ठेवणं धोक्याचं, आणि तोटी बारीक असेल तर तिच्यात दुधाची साय अडकून राहते. म्हणून तोटी रुंद आणि आखूड असलेलंच बोंडलं चांगलं.

आता इंग्लंडमध्ये जाऊ, कारण बाटलीचा खरा धंदा तिकडे वाढला. रबरी निपलचं पहिलं पेटंट अमेरिकेत १८४५ साली घेतलं गेलं. त्यानंतर काही वर्षांत इंग्लंडमध्ये एक नवी बाटली आली. काचेची चपटी बाटली, तिच्या बुचातून निघालेली लांब रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला निपल. बाळाला निजवायचं, बाटली शेजारी ठेवायची आणि निपल तोंडात द्यायचं. बाळ आपलं आपण पीत राहायचं आणि आईचे हात मोकळे. या बाटल्यांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली जात. ‘अलेक्झांड्रा’ नावाची बाटली तर फार खपली.

त्या बायकांना नावं ठेवू नका. घरात चार-पाच मुलं, घरकामाचा ढीग, कुणी गिरणीत जाणारी. हात मोकळे होण्याची गरज खरी होती. खोट होती ती वस्तूत. त्या लांब नळीत ना हात जाई, ना ब्रश. आत दूध सुकायचं, नासायचं, आणि त्याच नळीतून पुढचं दूध बाळाच्या पोटात जायचं. बाळं जुलाबाने मरू लागली. डॉक्टर या बाटल्यांना ‘खुनी बाटल्या’ म्हणू लागले. अमेरिकेतल्या बफेलो शहराने १८९७ साली त्यांच्यावर बंदी घातली. फ्रान्सने १९१० साली कायदाच केला. इंग्लंडमध्ये मात्र डॉक्टरांनी विरोध करूनही त्या विसाव्या शतकात आल्या तरी विकल्या जात होत्या. स्वस्त होत्या आणि सोयीच्या वाटत होत्या.

सुधारणा झाली ती कशी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८९० च्या दशकात होडीच्या आकाराची नवी काचेची बाटली आली. तिची दोन्ही टोकं उघडी होती. एका टोकाला निपल, दुसऱ्या टोकाला झडप. दोन्ही काढली की पाणी आरपार जायचं. नळी गेली, कोपरे गेले, भांडं धुता येऊ लागलं. त्या बदलाने बाळाचा धोका कमी झाला.

बाटलीबरोबर पावडरचा डबाही आला. स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावात हेन्री नेस्ले यांनी १८६७ च्या सुमारास दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांपासून बाळाचं अन्न बनवून विकायला सुरुवात केली. मग गोड आटवलेलं डबाबंद दूध आणि पावडर जगभर गेली. भारतात म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न बनवण्याची रीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात शोधून काढली गेली आणि डबे इथेच तयार होऊ लागले.

डबा विकायची पद्धत मात्र फार वाईट होती. सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स नावाच्या बाई काम करत. त्यांनी पाहिलं की कंपन्यांनी नेमलेल्या बाया नर्ससारखे कपडे घालून बाळंतिणींना डबाबंद दूध चांगलं म्हणून सांगतात. आईचं दूध आटतं, डबा महाग पडतो, बाळ सुकत जातं. १९३९ साली तिथल्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी ‘दूध आणि खून’ अशा नावाचं भाषण केलं आणि अशा प्रचाराने होणाऱ्या मृत्यूंना खूनच समजावं, असं स्पष्ट सांगितलं.

कारण पावडरचं दूध नीट द्यायचं तर चार गोष्टी लागतात. स्वच्छ पाणी, ते उकळायला सरपण किंवा गॅस, बाटली उकळायला वेळ, आणि डबा संपला की दुसरा आणायला पैसे. यातली एक जरी कमी पडली तरी बाळ धोक्यात येतं. डबा पुरवून वापरायचा म्हणून आई पावडर कमी घालते आणि पाणी जास्त. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण अंगाला काही लागत नाही. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने गरीब देशांतल्या या प्रकारावर पुस्तिका काढली. १९७७ साली अमेरिकेत लोकांनी नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार घातला. शेवटी मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीवर नियमावली मंजूर केली. ११८ देशांनी बाजूने मत दिलं. विरोधात एकटी अमेरिका होती.

आता आपल्या घरची गोष्ट. भारताने १९८३ साली आपली नियमावली केली, पण तिला कायद्याचा जोर नव्हता. डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि स्तनपानासाठी काम करणारी देशव्यापी संघटना उभी राहिली, ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’. १९९२ च्या अखेरीस संसदेचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. २००३ मध्ये तो आणखी कडक केला. बाळाच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डबाबंद अन्न, या तिन्हींना तो लागू आहे.

कायदा काय सांगतो ते गटात नीट समजून घ्या. या वस्तूंची जाहिरात करता येत नाही. आईला फुकट नमुना किंवा भेटवस्तू देता येत नाही. डॉक्टर, नर्स यांना कंपनीने पैसे किंवा भेट देणं गुन्हा आहे. पावडरच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र चालत नाही, आणि आईचं दूध बाळासाठी सर्वांत उत्तम, हे ठळक लिहावं लागतं. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. तेव्हा बाळंतिणीच्या खाटेजवळ येऊन कुणी फुकट डबा किंवा बाटली पुढे केली, तर ती भेट घ्यायची नाही आणि आशाताईंना लगेच सांगायचं.

काच फुटते, म्हणून पुढे प्लॅस्टिकची बाटली आली. काचेसारखी पारदर्शक आणि न फुटणारी. हे प्लॅस्टिक पॉलिकार्बोनेट. त्यात बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन असतं, आणि गरम दूध ओतलं, बाटली उकळली, आतून चरे पडले की ते थोडं थोडं दुधात उतरतं. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करतं. म्हणजे जंतू मारायला बाटली उकळावी, तर उकळल्याने रसायन उतरावं, असा पेच. कॅनडा, युरोप, अमेरिका यांनी बाळांच्या बाटल्यांत त्यावर बंदी आणली आणि २०१५ साली भारतीय मानक ब्युरोनेही बाटल्यांसाठी हे प्लॅस्टिक बंद केलं. त्याच्या जागी आलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांची आयर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली तपासणी केली. गरम पाणी घालून हलवल्यावर प्लॅस्टिकचे डोळ्यांना न दिसणारे लाखो कण पाण्यात उतरले. आणि जुनी झालेली बाटली शेवटी उकिरड्यावरच जाते. ती कुजत नाही, आणि जाळली तर धूर आपल्याच पोराबाळांच्या नाकात.

एवढ्या वर्षांच्या गोष्टीतून आम्हाला एकच नियम दिसतो. बाळाच्या वस्तूत जिथे आपली नजर आणि बोट पोचत नाही, तिथे धोका लपतो. लांब नळीत तो होता, निपलच्या चुणीत तो असतो. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, अगदी पहिल्या चिकापासून. वरचं पाणीसुद्धा नको. आई कामावर जाणार असेल तर हात स्वच्छ धुवून, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध पिळून, झाकून, गार जागी ठेवावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चार तासांच्या आत संपवावं, आणि बाळाला मांडीवर उभट धरून वाटी-चमच्याने पाजावं. आईच नसेल, किंवा डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल, तरी भांडं तेच, वाटी-चमचा. स्टीलची वाटी उकळता येते, तिचे कण सुटत नाहीत, आणि बाळ मोठं झालं की तिच्यात वरण-भात खातं. बाटली घ्यावीच लागली तर आयएसआय खूण असलेली, रुंद तोंडाची काचेची घ्या आणि निपलला चीर दिसली की फेकून द्या.

खेळणं घेतानाही हाच नियम लावा. रंग नखाने खरवडून निघतो का, छोटा तुकडा सुटून घशात जाईल का, आतल्या पोकळीत घाण साचते का, ते पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवरही आयएसआय खूण सक्तीची झाली आहे.

पण वाटी-चमच्याला वेळ लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. बाटली तोंडात देऊन फडात जाता येतं, चमच्याने पाजायला कुणीतरी बसावं लागतं. लांब नळीची बाटली खपली, ती आईला वेळ नव्हता म्हणून, आणि ती अडचण आजही तशीच आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमायची, असं लिहिलं होतं. किती ठिकाणी ती नेमली गेली, ते आपल्या गटातल्या बायाच सांगतील. मुलं सांभाळण्याची सोय हा बाईचा हक्क आहे. तो ग्रामसभेत मांडायला हवा आणि ठरावात लिहून घ्यायला हवा.

गटालाही काही करता येईल. पुढच्या बारशाला वर्गणी काढून एक स्टीलची वाटी आणि कड गुळगुळीत असलेला चमचा द्या. त्याबरोबर एक यादीही द्या, पहिल्या तीन महिन्यांत बाळाजवळ कोण कुठल्या दिवशी तासभर बसेल त्याची. जवळच्या दुकानात एक चक्कर मारून डब्यांवर चित्र आहे का, बाटलीवर खूण आहे का, ते पाहून या आणि बैठकीत सांगा. जे सापडेल ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात ते वाचून दाखवू.