कागद आधी चिंध्यांचा होता

आज कागदाबद्दल बोलायचंय. हो, मोबाईलवर ऐकणाऱ्यांना कागदाची गोष्ट सांगतोय. पण तुमचा मोबाईल ज्या खोक्यातून आला तो कशाचा होता?

'रिसायकल्ड पेपर' म्हटलं की ते हल्लीचं फॅड वाटतं. इतिहास उलटं सांगतो. चीनमध्ये इ.स. १०५ च्या सुमारास त्साय लुननं दरबारात कागद सादर केला, तो झाडाच्या सालीबरोबर चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून केलेला होता, अशी तिथल्या इतिहासग्रंथात नोंद आहे. म्हणजे सुरुवातच टाकाऊपासून झाली. पुढे युरोपात तर शेकडो वर्षं चिंध्या हाच मुख्य कच्चा माल होता.

आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादचा कागद नावाजलेला. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे, पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे. नावंच सगळं सांगतात. कागदी लोक जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या, कधी रद्दी कागदसुद्धा गोळा करायचे. ते चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, पायानं दाबायच्या अवजड लाकडी हातोड्याखाली कुटायचं, धुवायचं, परत कुटायचं. मग लगद्याच्या हौदात गवताच्या काड्यांची चटई लावलेली चौकट बुडवून अलगद वर उचलायची, की एक ताव तयार. वाळला की त्याला खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही. शेवटी गुळगुळीत दगडानं घासून चकाकी आणायची. 'घोटीव कागद' तो हाच. पेशवे दफ्तरातले मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात, यात या मेहनतीचा मोठा वाटा आहे. आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीची फाईल उघडली तरी लोक टाळ्या वाजवतात!

मग झाडं कुठून आली? युरोपात छपाई वाढली आणि चिंध्या पुरेनात. लंडनमध्ये मथायस कूप्स या माणसानं १८०० साली छापील कागदावरची शाई काढून त्याचाच नवा कागद करायचं पेटंट घेतलं. गवताच्या काडापासूनही कागद केला आणि त्यावर चक्क पुस्तक छापलं. कारखाना मात्र काही वर्षांतच बुडाला. कल्पना बरोबर, वेळ चुकीची. स्टार्टअपवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पुढे १८४० च्या दशकात जर्मनीत केलर यानं लाकूड दगडावर घासून लगदा करायची युक्ती काढली आणि कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं सामान्य माणसाच्या हातात आली ती त्यामुळेच, त्यामुळे लाकडाला नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही.

पण किंमत मोजावी लागलीच. एक तर जंगलं. दुसरं म्हणजे लाकडातलं लिग्निन आणि तुरटीसारखी आम्लधर्मी द्रव्यं. त्यांनी कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. आजोबांच्या कपाटातलं पुस्तक उघडताच कोपरा तुटून हातात येतो ना, ते हेच.

आता रिसायकल्डकडे. रद्दीपासून कागद करताना नवं लाकूड लागत नाही, पाणी आणि वीज साधारणपणे कमी लागते, आणि रद्दी कचरा डेपोत सडत नाही. एक मर्यादा मात्र आहे. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतो. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवत नाही. म्हणजे जगाला थोडा नवा लगदा कायम लागणारच. मग तो कुठल्या जंगलातून आला हे विचारायलाच हवं. त्यासाठीच १९९३ मध्ये एफएससी ही संस्था उभी राहिली. वहीच्या मागे तिचं झाडाचं चिन्ह दिसलं तर खालचा शब्दही वाचा. 'रिसायकल्ड' म्हणजे सगळा लगदा वापरलेल्या मालाचा, 'मिक्स' म्हणजे मिसळलेला.

गंमत म्हणजे त्याच १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची संघटना सुरू झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात पहिला शब्द कागद! चहाची भुकटी पडलेला, ओला झालेला कागद त्यांना विकता येत नाही, पुठ्ठ्याच्या कारखान्यालाही नको असतो. तेव्हा रद्दी कोरडी ठेवा, ओल्या कचऱ्यात टाकू नका.