‘वंदे मातरम्’ : तबकडीवरचे आणि वसतिगृहातले



एखाद्या गीताचा इतिहास आपण सामान्यतः कवी, संगीतकार आणि गायक यांच्या नावांनी सांगतो. ‘वंदे मातरम्’च्या बाबतीत ही नामावळी मोठी आहेच. परंतु हैदराबादच्या भूमीवर हा इतिहास सांगायचा झाला, तर गायक म्हणून ज्यांची कधी ख्याती नव्हती अशा विद्यार्थ्यांपाशी आपल्याला यावे लागते.

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी हे गीत १८७० नंतरच्या दशकात रचले व पुढे ‘आनंदमठ’ (१८८२) या कादंबरीत गुंफले. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायिले; १९०५ च्या वंगभंगानंतर त्याचे पहिले दोन शब्द देशभर घोषणा झाले. रवींद्रनाथांच्या आवाजातील त्याचे ध्वनिमुद्रणही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले.

महाराष्ट्रातील संगीतकारांनी या गीताची आपापल्या परीने उपासना केली. पं. विष्णु दिगंबर पलुसकर ते काफी रागात गात. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली, तरी पंडितजींनी ते पूर्ण करूनच विराम घेतला. पुढे ‘संत तुकाराम’ चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेल्या विष्णुपंत पागनिसांनी ते सारंगात गायिले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटीत त्याची चाल बांधली आणि समूहाला गाता यावे, बँडवर वाजवता यावे, म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली.

या गीतावरील आक्षेप केवळ दुराग्रह म्हणून उडवून लावणे इतिहासाला धरून होणार नाही. कादंबरीची पार्श्वभूमी आणि उत्तरार्धातील देवीस्वरूप वर्णन यांमुळे अनेक मुसलमानांच्या मनात संकोच होता. तो ध्यानी घेऊनच ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने राष्ट्रीय सभांत पहिली दोनच कडवी गावीत, असे ठरविले.

निजामाच्या राज्यात मात्र प्रश्न कडव्यांच्या संख्येचा राहिला नाही. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेथे तेलुगू, मराठी व कन्नड मुलखांतील मुले एकत्र शिकू लागली. ऑक्टोबर १९३८ मध्ये बंदी घातलेल्या स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. त्या तापलेल्या वातावरणात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थना म्हणून हे गीत म्हणू लागले. गीत राजकीय व वादग्रस्त आहे, या भूमिकेवरून अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो जणांची नावे पटावरून कमी झाली.

तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांसाठी दार उघडले. परमुलखात, परक्या व्यवस्थेत पुन्हा शिक्षणाची घडी बसवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा कॉलेजात गेला होता त्यांना विचारावे! या चळवळीतील पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे पुणे व नागपूर येथे शिक्षण घेतले. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे हे गृहस्थ १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. तुरुंगात फटक्यांगणिक हेच शब्द उच्चारणारे रामचंद्रराव तर ‘वंदेमातरम् रामचंद्रराव’ याच नावाने ओळखले गेले.

१५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी पं. ओंकारनाथ ठाकुरांनी आकाशवाणीवरून हे गीत गायिले. हैदराबाद संस्थान त्या दिवशी स्वतंत्र भारतात नव्हते. त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी या गीतास राष्ट्रगीताइतकाच मान जाहीर केला. १९५२ च्या ‘आनंदमठ’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात लता मंगेशकरांनी ते गायिले आणि ते नव्या पिढीच्या कानी पडले.

या साऱ्या तबकड्या आज जपलेल्या आहेत. वसतिगृहातील त्या प्रार्थनेची तबकडी कोणी काढली नाही. त्या सुरांत बेसूरपणाही असेल. पण गाण्याची किंमत शिक्षणाच्या रूपाने त्यांनीच मोजली. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपल्या घरांतील जुनी पत्रे, दाखले, वडीलधाऱ्यांच्या आठवणी शाळेच्या स्वाधीन कराव्यात. गायकांची स्मृती ध्वनिमुद्रिका राखतील. या विद्यार्थ्यांची स्मृती राखणे हे शाळांचेच काम आहे.