भिगवण : फुगवट्याकाठचे गाव
भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील भिगवणच्या परिसराला फुगवट्याचा काठ लाभला. काठची जमीन, जुन्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पळसदेव गावचे पुरातन मंदिरही बुडाले. पाणी ओसरले की ते डोके वर काढते आणि बातमीदारांना दरवेळी नवे वाटते.

विस्थापनाच्या पाठोपाठ मासेमारी वाढली. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी, कटला, रोहू येऊ लागले. पुणे-सोलापूर रस्त्यावर मासळीची खानावळ ही गावाची ओळख ठरली. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. कवी त्यांना अग्निपंख म्हणतात. पक्षी मात्र मान उलटी घालून चिखलातले शेवाळ गाळत असतो. जवळच्या कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होड्यांत आता जाळ्यांऐवजी कॅमेरेवाले बसतात.