परळ ते ओरोस: एका दुर्मीळ आजाराच्या शिक्षणाची वाट

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा इतिहास बहुधा रुग्णांच्या प्रवासाच्या अंगाने सांगितला जातो. आधी किनाऱ्याने जाणारी आगबोट, मग घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे जाणारी एस. टी., २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे आणि तिलारी-बांद्यापासून गोव्यातील बांबोळीपर्यंत धावणाऱ्या रुग्णवाहिका, असा तो क्रम आहे. त्याच्या उलट दिशेचा, म्हणजे वैद्यकीय ज्ञान जिल्ह्यात कसे आले याचा इतिहास त्या मानाने तोकडा असून त्याची नोंदही क्वचितच घेतली गेली आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस, अर्थात एमएस, हा आजार या दुसऱ्या इतिहासाची कसोटी पाहणारा आहे, कारण त्याचे निदान मोठ्या शहरात होत असले तरी पुढची वीस-तीस वर्षांची शुश्रूषा गावातच करावी लागते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील चेतातंतूंभोवतीच्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावरच हल्ला करते, आणि त्यामुळे एका डोळ्याची दृष्टी मंदावणे, पाय बधिर होणे, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, विश्रांतीनेही न जाणारा थकवा येणे अशी लक्षणे निरनिराळ्या वेळी उद्भवतात. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ साली त्याचे सुसंगत वर्णन केले. पुढे विषुववृत्तापासून दूरच्या थंड देशांत त्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आल्यामुळे उष्ण प्रदेशातील डॉक्टरांच्या मनात तो आपल्याकडचा आजार नव्हे अशी धारणा रुजली. भारतात ही धारणा ढळण्यास बराच काळ लागला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मेंदुविकार विभागाची उभारणी करणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात या आजाराचे प्रमाण लाखामागे वीसच्या आसपास असल्याचे १९९० साली दाखवले, तर बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. भीमसेन सिंघल यांनी १९८० च्या दशकात देशातील एकूण प्रमाणाचा अंदाज लाखामागे सुमारे १.३३ असा मांडला होता. त्यानंतर डॉ. लेखा पंडित यांच्या मंगळूर येथील पाहणीत लाखामागे सुमारे ८ हा आकडा पुढे आला. मंगळूर मालवणच्याच किनाऱ्यावर, दक्षिणेस आहे, आणि म्हणून हा आकडा सिंधुदुर्गाला परका मानता येत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात आधुनिक वैद्यकाचे एक ठळक केंद्र वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स रुग्णालय होते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन तेथे काम करत. त्यांचे वेंगुर्ल्यात १९१९ साली जन्मलेले पुत्र रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. या काळात ज्ञान माणसाच्या रूपाने येई, आणि तो माणूस गेला की बहुतांशी त्याच्याबरोबरच जाई. दुसरे केंद्र जिल्ह्याबाहेर, परंतु जिल्ह्याच्याच माणसांच्या वस्तीत होते. परळ-लालबागच्या गिरणगावात राहणाऱ्या चाकरमान्यांमुळे १९२६ साली परळला सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय मालवण, कणकवली, सावंतवाडीच्या कुटुंबांना घरच्यासारखे झाले. भावाच्या खोलीवर उतरून के. ई. एम.ला दाखवणे ही कोकणातील रुग्णाची शिरस्त्याची वाट होती. मात्र तेथून परतताना रुग्णाच्या हाती कागद असत. ते कागद वाचून पुढचा निर्णय घेण्याचे शिक्षण गावच्या डॉक्टरला मिळत नसे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि ओरोसला जिल्हा मुख्यालय वसले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या पहिल्या वर्षांत महाराष्ट्र शासनाने भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या, साह्याने दूरवैद्यक प्रकल्प हाती घेतला, तेव्हा पहिल्या टप्प्यात नंदुरबार, लातूर, बीड आणि सातारा यांच्याबरोबर सिंधुदुर्गाचे जिल्हा रुग्णालय निवडले गेले, आणि तज्ज्ञांचे केंद्र म्हणून निवड झाली ती के. ई. एम.चीच. दूरवैद्यक म्हणजे रुग्णाची माहिती, क्ष-किरण चित्रे आणि प्रत्यक्ष संवाद दळणवळणाच्या साधनांनी दूरच्या तज्ज्ञापर्यंत नेऊन त्याचे मत मिळवण्याची पद्धती. चाकरमान्यांनी पायांनी घडवलेली परळची वाट अशा रीतीने उपग्रहाने पुन्हा जोडली, ही गोष्ट जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे.

तथापि सल्ला आणि शिक्षण यांतील अंतर या व्यवस्थेत मिटले नाही. तज्ज्ञाचे मत त्या एका रुग्णापुरते असते. तशाच दुसऱ्या रुग्णासाठी पुन्हा विचारावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली आणि करोनाकाळात, एप्रिल २०२० पासून, थेट नागरिकांसाठी खुली झालेली ई-संजीवनी सेवाही मुख्यतः सल्ल्याचीच व्यवस्था आहे. शिक्षणाचा निराळा मार्ग अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली काढला. यकृतदाहाच्या ‘सी’ प्रकाराचे रुग्ण दूरवरून विद्यापीठाच्या शहरात आणण्याऐवजी त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना ठरावीक दिवशी पडद्यावर एकत्र आणले, प्रत्येकाने आपला रुग्ण सर्वांसमोर मांडायचा आणि तज्ज्ञासह सर्वांनी त्यावर चर्चा करायची असा परिपाठ घातला. या डॉक्टरांच्या उपचारांचे फळ विद्यापीठातील उपचारांच्या तोडीचे असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ‘एको’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००८ पासून भारतातही रुजू लागली, आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने ती खास एमएसच्या शुश्रूषेसाठी, मेंदुविकारतज्ज्ञ नसलेल्या भागांतील डॉक्टरांकरिता, वापरून पाहिली. परिचारिकांसाठी युरोपीय एमएस मंचाने संगणकावरून शिकता येईल असा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार केला.

मालवणसारख्या ठिकाणी या शिक्षणात काय शिकवावे लागेल, हे पुस्तकापेक्षा हवामान अधिक ठरवते. शरीराचे तापमान वाढले की मायलिन झिजलेल्या तंतूंतून संदेशवहन मंदावते आणि जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी ही घटना नोंदवली होती. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात किंवा साध्या लघवीच्या संसर्गाने आलेल्या तापात पाय लुळे पडले, तर तो आजाराचा नवा झटका समजून स्टेरॉइड देण्याआधी लघवी तपासावी आणि ताप उतरवावा, एवढे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला ठाऊक असणे रुग्णाच्या दृष्टीने अमोल आहे. खरा झटका असल्यास तीन ते पाच दिवस शिरेतून द्यावयाचे मिथाइलप्रेडनिसोलोन जिल्हा रुग्णालयातही देता येते. परंतु त्याआधी क्षयरोग दडलेला नाही याची खातरजमा करावी लागते. एमएससारखाच भासणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार वेगळा ओळखता आला पाहिजे, कारण एमएसवर दिले जाणारे इंटरफेरॉन त्यात रोग वाढवते. या आजाराची खूण असणारे प्रतिपिंड २००४ साली सापडल्यापासून रक्ताच्या तपासणीने हा भेद करता येतो. इंटरफेरॉनच्या सुया २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात, मात्र त्या गोठता कामा नयेत. मासेमारीमुळे बर्फ हाताशी असणाऱ्या गावांत वीज गेल्यावर त्या थेट बर्फात ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविक असल्याने ही सूचना परिचारिकेने रुग्णाच्या घरच्यांना आवर्जून द्यावयास हवी. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची वीज आणि संपर्कयंत्रणा कोलमडली होती, हे ध्यानात घेता पडद्यावरच्या शिकवणीबरोबर मराठीतील छापील पुस्तिकाही हाताशी असणे अगत्याचे ठरते.

नवा आजार ओळखण्याचे शिक्षण पचवण्याची कुवत या जिल्ह्याच्या यंत्रणेत आहे, हे माकडतापाने सिद्ध केले आहे. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात हा गोचिडींमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप आढळला, तेव्हा तो कर्नाटकातील जंगलांचा आजार समजला जात होता; काही वर्षांतच दोडामार्ग-बांदा परिसरातील आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेवक तो ओळखण्यात तरबेज झाले. एमएसचे रुग्ण मोजके असल्याने तशी निकड निर्माण होत नाही, आणि हाच दुर्मीळ आजारांच्या वाट्याला येणारा अन्याय आहे.

या अन्यायाविरुद्धची पहिली संघटित हाक महाराष्ट्रातूनच उठली. स्वतः एमएसग्रस्त असलेल्या रेहमत फझलभाई यांनी १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एमएसचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला, त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या जिल्हा रुग्णालयालाही हा आजार जाणणे आता कायद्यानेच भाग आहे; बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाचा थकवा आणि दृष्टिदोष ध्यानात न घेणारे प्रमाणपत्र त्या कायद्याचा हेतू विफल करते. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिल्याने शिकवणारे आणि शिकणारे प्रथमच जिल्ह्यातच एकत्र आले आहेत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार नोंदणी टिकवण्यासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. ओरोसच्या महाविद्यालयाने परळ, बांबोळी आणि मंगळूरच्या तज्ज्ञांना जोडून महिन्यातून एक रुग्णचर्चा भरवावी, तिला हे श्रेयांक मिळवून द्यावेत, आणि तिच्यात डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका, फिजिओथेरपिस्ट व उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी यांना बसवावे. त्यासाठी नवी इमारत, नवा उपग्रह किंवा नवा कायदा यांपैकी कशाचीही गरज नाही.