सतारीवर नाव कोणाचे?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर आम्ही एकदा काही शिक्षक मित्रांबरोबर गेलो होतो. पावसाने उघडी पडलेली एक लाल खापरी हातात घेऊन तिच्यावर नखाने टिचकी मारली. धातूच्या भांड्यासारखा खणखणीत आवाज आला. खापरी जिथे होती तिथेच परत ठेवली, कारण अशा जागेवरची वस्तू हलवली की तिच्याबद्दलची अर्धी माहिती नाहीशी होते. आवाज मात्र लक्षात राहिला.

हा आवाज कशामुळे येतो? भांडे नीट भाजलेले असले की मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि बारीक भेगा व पोकळ्या कमी राहतात. कंपनाची ऊर्जा वाटेत जिरत नाही, म्हणून नाद टिकतो. बाजारात माठ घेताना आपण तो वाजवून पाहतो, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणजे त्या खापरीच्या आवाजात तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराचे भट्टीवरचे प्रभुत्व ऐकू येत होते.

त्या कुंभाराचे नाव काय? ते कळण्याचा मार्ग नाही, कारण त्या काळी येथे लिपी नव्हती. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 साली इनामगावला उत्खनन सुरू केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी त्याचा सविस्तर अहवाल 1988 साली प्रसिद्ध केला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर व शेजारी धान्याचे कोठार सापडले. ते गावप्रमुखाचे असावे असा अंदाज आहे. कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. कुंभाराची भट्टीही सापडली. आणि ही खणखणीत भांडी आज कोणत्या नावाने ओळखली जातात? ‘जोर्वे’. प्रवरेकाठी संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचे गाव आहे. तिथे 1950–51 साली उत्खनन झाले, म्हणून त्या गावाचे नाव भांड्यांना मिळाले.

वस्तूला नाव देण्याची ही एक रीत झाली, गावाचे नाव देण्याची. दुसरी रीत कारागिराच्या नावाची आणि तिसरी वापरणाऱ्याच्या नावाची. या तिसऱ्या रीतीचा आज जगभर सुकाळ आहे. प्रसिद्ध गिटारवादकाचे नाव असलेली गिटार बाजारात येते आणि अशा गिटारींची यादी दर वर्षी वाढत जाते. ही नावे फार झाली का, असा प्रश्न विचारला जातो. आम्हाला तो प्रश्न मिरजेच्या वाटेने पाहावासा वाटतो.

शिकलगारांचे सतारमेकर

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. ती सुरू करणारी माणसे शिकलगार होती, म्हणजे तलवारी व इतर शस्त्रे घासूनपुसून धार लावणारी. इंग्रजी अंमल आला, शस्त्रांचे काम आटले. हातात धातू-लाकडाचे कसब होते. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाणे होते आणि गवयांची वाद्ये दुरुस्तीला येत होती. फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी दुरुस्तीतून वाद्याची रचना समजून घेतली आणि नवीन तंबोरे, सतारी बनवायला सुरुवात केली. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. तंबोऱ्याच्या सुरेलपणाबद्दल अतिशय काटेकोर असलेला असा गायक गावात असणे ही कारागिरांच्या दृष्टीने रोजची परीक्षाच होती.

या घराण्यांचे आडनाव ‘सतारमेकर’ झाले. इथे वाद्याला माणसाचे नाव मिळाले नाही, वाद्याने माणसाला नाव दिले. असे असूनही एखाद्या मोठ्या मैफिलीतला तंबोरा कोणत्या सतारमेकराच्या हातचा आहे, हे श्रोत्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

दोन नावे, दोन रचना

सतार विकत घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला दुकानात बहुधा पहिला प्रश्न येतो: रविशंकर पद्धतीची हवी की विलायत खाँ पद्धतीची? ही नावे कोणत्या कंपनीने करार करून लावलेली नाहीत. ती व्यवहारात रुळली. पण त्यांना नेमका अर्थ आहे.

रविशंकर (1920–2012) यांच्या पद्धतीच्या सतारीला खर्जाच्या तारा असतात, दांडीच्या वरच्या टोकाला बहुधा दुसरा भोपळा असतो आणि नक्षीकामही अधिक. विलायत खाँ (1928–2004) यांना गळ्यातून निघणारे गाणे सतारीतून काढायचे होते. एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांची मींड घ्यायची तर दांडी आणि तबली यांच्यावर मोठा ताण येतो. म्हणून त्या मजबूत केल्या गेल्या, खर्जाच्या तारा निघाल्या, वरचा भोपळाही गेला. म्हणजे ‘विलायत खाँ सतार’ हे शब्द उच्चारले की ताण, तारा आणि घडण यांची माहिती मिळते. असे नाव निरर्थक म्हणता येणार नाही.

पण या रचना कोणी घडवल्या? रविशंकरांची सतार कलकत्त्याच्या नोडू मल्लिक यांनी बनवली. ते त्यांच्याबरोबर परदेश दौऱ्यांवरही जात आणि मंचावर मागे बसून तंबोरा धरत. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांवर एन. सी. मल्लिक हे नाव तंबोरावादक म्हणून छापलेले आहे. विलायत खाँ यांच्या सतारींशी कलकत्त्याच्याच हिरेन रॉय यांचे नाव जोडलेले आहे. वादक म्हणतो, ‘इथे स्वर तुटतो.’ कारागीर ऐकतो, लाकूड तासतो, पुन्हा ऐकवतो. वाद्य या दोघांच्या संवादातून तयार होते. नाव एकाचेच राहते.

जवारीचे रहस्य

यात आणखी एक गंमत आहे. सतारीचा किंवा तंबोऱ्याचा खास झणकार घोडीमुळे येतो. गिटारमध्ये तार एका धारदार कडेवर टेकते. आपल्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि ऊर्जा वरच्या स्वरांशांकडे जाते. तारेला एखाद्या स्वरांशाच्या स्थिर बिंदूवर छेडले तर तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा नियम आहे. तंबोरा व वीणा यांत तो ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास दाखवले.

घोडीचा हा उतार कानसीने घासून साधतात. त्यालाच जवारी काढणे म्हणतात. रविशंकर पद्धतीत जवारी खुली, तर विलायत खाँ पद्धतीत ती बंद, गोलसर आवाजाची. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे दुकानातून आणलेल्या नामांकित सतारीचा आवाज काही काळाने गावातल्या जवारी काढणाऱ्याच्या हातात येतो. नाव तेच राहते, आवाज मात्र बदललेला असतो.

नाव आणि कान

गिटारच्या जगात 1952 साली गिब्सन कंपनीने लेस पॉल या वादकाच्या नावाची विद्युत गिटार आणली. तिच्या रचनेत लेस पॉल यांचा वाटा किती आणि कंपनीच्या कारागिरांचा किती, यावर पुढे अनेक वर्षे वाद राहिला. फेंडर कंपनीने 1988 साली एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची गिटार काढली. नंतर नावे वाढत गेली. काहींत रचनेचा खरा बदल असतो, तर काहींत केवळ रंग आणि सही.

नावाचा कानावर परिणाम होतो का? 2010 साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे 21 कसलेल्या व्हायोलिनवादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन जुनी, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची, आणि तीन नवी. घरी न्यायला कोणते आवडेल, असे विचारल्यावर 13 जणांनी नवे निवडले. सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हरीलाच मिळाली. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातही 52 गिटारवादकांनी मागच्या व बाजूच्या फळ्यांचे लाकूड वेगवेगळे असलेल्या सहा गिटारी न पाहता वाजवल्या. महाग आणि स्वस्त लाकडाच्या आवाजात त्यांना फारसा फरक सांगता आला नाही. हा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला.

आम्हा विज्ञानवाल्यांनी मात्र संगीतकारांना फार नावे ठेवू नयेत. 1928 च्या ‘रामन परिणामा’च्या शोधात के. एस. कृष्णन यांचे परिश्रम होते, पण परिणामाच्या नावात ते नाहीत.

मग नावे फार झाली का? नावांची संख्या मोजून याचे उत्तर मिळणार नाही. नाव काढून टाकले तर वाद्याबद्दलची कोणती माहिती कमी होते, हे पाहावे. ‘विलायत खाँ’ हे नाव काढले तर रचनेची खूण जाते. ते राहावे, शेजारी कारागिराचेही यावे. ज्या नावाबरोबर फक्त सही पुसली जाते, ते एक असले तरी फारच.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जोर्वे भांड्यांप्रमाणे इथेही गावाचे नाव वस्तूला लागले. फरक इतकाच की हे कारागीर हयात आहेत आणि त्यांना नावे आहेत.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेतल्या तंबोऱ्याची किंवा पेटीची नीट तपासणी मुलांकडून करून घ्या. आत चिठ्ठी चिकटवलेली आहे का? दुरुस्ती कोणी केली? डोळे मिटून दोन वाद्ये ओळखता येतात का? मिळालेली नावे वहीत लिहून ठेवा. इनामगावच्या कुंभाराच्या बाबतीत ही सोय नव्हती, आपल्याला आहे.