दोरी ओढणारी

एखाद्या मुलीच्या रूपाची वाखाणणी करताना आपल्याकडच्या आयाबाया म्हणतात, "नाक कसं कातीव आहे!" हा शब्द कातारी लोकांच्या घरचा. लाकडाचा ओबडधोबड ठोकळा आसावर फिरवायचा, त्याला हत्यार लावायचे आणि त्यातून गोल, गुळगुळीत आकार काढायचा, हे कातारी माणसाचे काम. पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे खूर, लाटणी, भोवरे, हळदी-कुंकवाचे करंडे, ही सारी त्याची प्रजा. आज त्याच्या यंत्राला विजेची मोटार असते. पण मोटार येण्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे तो आस कोण फिरवीत होते? या प्रश्नाच्या मागे लागून मी उन्हाळ्याच्या सुटीत थेट जपानच्या डोंगरात जाऊन आलो. अर्थात पुस्तकांच्या वाटेने. मास्तराला दुसरी वाट परवडायची कुठून?

जपानच का, असे वाचक विचारतील. आपल्या स्वयंपाकघरात तांब्यापितळेने आणि केळीच्या पानाने काम भागले. जपानी माणसाची रोजची वाटी मात्र शतकानुशतके लाकडाची. कढत रसा त्याने तीतूनच तोंडाला लावायचा. साहजिकच अशा वाट्या कातणाऱ्यांची तिथे एक जातच झाली. त्यांना 'किजिशी' म्हणत. त्यांचे घर एका गावी नसे. हॉर्स चेस्टनटची, बीचची चांगली झाडे जिथे असतील त्या डोंगरावर झोपडी बांधायची, झाडे संपली की बिऱ्हाड उचलून पुढच्या डोंगरावर जायचे.

त्यांचे यंत्र म्हणजे 'रोकुरो'. दोन आधारांवर एक आडवा आस. त्याच्या टोकाला लोखंडी खिळे. खिळ्यांवर ठोकून बसवलेला लाकडाचा ठोकळा. आसाला दोरीचे वेढे. दोरीची दोन टोके दोन हातांत धरून एकाने आळीपाळीने ओढायची. एक हात ओढला की आस एका अंगाला फिरणार, दुसरा ओढला की उलटा. दुसऱ्याने ठोकळ्यासमोर बसून आकड्यासारखे वाकडे हत्यार धरायचे. हे हत्यार तो आपल्या भट्टीत स्वतःच घडवीत असे. वाटी तळहातावर मावेल एवढी, आणि तिच्यासाठी दोन धडधाकट माणसे दिवसभर जुंपलेली! दोरी ओढणारी व्यक्ती बहुतेक वेळा कातणाऱ्याची बायकोच असे.

वाटी बाहेरून गोल करणे सोपे. खरी कसोटी आतून कोरण्याची. हत्यार जसजसे खोल जाते तसतशी भिंत पातळ होते, आणि दोरीला एक वेडावाकडा झटका बसला तर काठ फाटून सारी मेहनत वाया. म्हणजे नवऱ्याच्या हातातले हत्यार आणि बायकोच्या हातातली दोरी यांचा श्वास एक लागतो. तेवढ्यानेही काम संपत नाही. ओले लाकूड प्रथम जाडसर कातून ठेवायचे, ते महिनोन्‌महिने वाळू द्यायचे, वाळताना ते वाकडे होते म्हणून पुन्हा रोकुरोवर चढवून नेमका आकार द्यायचा. अखेरीस घासकाम. मुकू नावाच्या झाडाची खरखरीत पाने आणि वाळवलेले अश्वशेपटी गवत हाच त्यांचा पॉलिशकागद. मला इथे आपल्या सावंतवाडीची आठवण झाली. तिथल्या रंगीत खेळण्यांवर लाखेचा थर चढवला की फिरत्या लाकडावर केवड्याचे पान दाबून धरतात आणि ती झळाळी येते. दोन देश, दोन झाडे, युक्ती एकच.

किजिशींची एक आवडती कथा आहे. सम्राट मोन्तोकु याचा थोरला मुलगा राजपुत्र कोरेताका, जन्म ८४४ चा. गादी त्याला मिळायची, पण दरबारातल्या बलाढ्य फुजिवारा घराण्याच्या मुलीचा पोरगा ८५८ साली सम्राट झाला. कोरेताका पुढे संन्यासी झाला आणि ८९७ साली वारला. कथा सांगते की, तो बिवा सरोवराच्या पूर्वेला ओगुराच्या डोंगरात येऊन राहिला. एक दिवस पोथीची गुंडाळी सोडताना दोरी ओढली तसा आतला दांडा गरगर फिरला. ते पाहून त्याला रोकुरो सुचला आणि त्याने तो डोंगरातल्या लोकांना शिकवला. किजिशी त्याला आपला मूळपुरुष मानतात.

कथा गोड आहे, पण सनावळी तिला आड येते. ७६४ साली जपानात एक बंड मोडले गेले आणि सम्राज्ञी शोतोकु हिने दहा लाख छोटे लाकडी पॅगोडे करविण्याचा संकल्प सोडला. पॅगोडा म्हणजे मुळात आपला स्तूपच. हे वीतभर उंचीचे पॅगोडे कातून काढले, शेंड्याखालच्या पोकळीत छापील मंत्राची चिठ्ठी घातली, आणि ७७० पर्यंत ते दहा देवळांना प्रत्येकी एक लाख असे वाटले. होर्यूजी मंदिरात चाळीस हजारांहून अधिक आजही आहेत. कोरेताका जन्मण्याच्या सत्तरऐंशी वर्षे आधी ज्या देशाने लाखांनी लाकूड कातले, त्याला हे यंत्र शिकवायला राजपुत्राची गरज नव्हती.

हे सारे मी एकदा वर्गात रंगवून सांगत होतो. पुष्कळ पॅगोड्यांच्या बुडाशी शाईने तारीख आणि कारागिराचे नाव लिहिलेले सापडते, असेही सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "गुरुजी, आणि दोरी ओढणाऱ्याचं?"

ते नाव नाही. मला वाटते, पोरीने विषयाच्या गाभ्यालाच हात घातला. पुढे १६४७ पासून ओगुराच्या देवस्थानाची माणसे डोंगरोडोंगरी फिरून किजिशींकडून वर्गणी गोळा करीत, तिच्या वह्या राहिल्या आहेत. कोण कुठल्या डोंगरावर होता, किती दिले, हे त्यांतून कळते. भटक्या लोकांचा इतका इतिहास क्वचितच कुठे लिहिला गेला असेल. पण त्या वर्गणीच्या वह्या. दोरी कोण ओढी, हे लिहिण्याचे त्यांना कारण नव्हते. राजपुत्राची कथा पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, आणि शेजारी बसून खांदे मोडून घेणारी बाई मात्र निनावी राहिली. मला हा हिशेब बरोबर वाटत नाही.

दोरीकडे लक्ष दिलेले एक फार जुने ठिकाण मात्र आहे, आणि ते आपल्याच देशातले. पाली भाषेतल्या सतिपट्ठान सुत्तात भगवान बुद्ध श्वासाकडे कसे पाहावे हे सांगतात, आणि त्यासाठी दृष्टान्त घेतात तो कातणाऱ्याचा. दोरीचा लांब हिसका घेताना तो लांब हे ज्याला समजते आणि आखूड घेताना आखूड हे समजते, तसे भिक्षूने आपल्या श्वासाविषयी सावध असावे. तिथे नुसता कसबी कातारी नाही. त्याचा शिकाऊ चेलाही आवर्जून उल्लेखिला आहे. कुण्या कातणाऱ्याच्या दारात उभे राहून दोरीचा खर्रखर्र आवाज ऐकल्यावाचून हा दृष्टान्त सुचला असेल, असे मला वाटत नाही.

जपानात १८६८ नंतर नवे राज्य आले. जमिनीची मोजणी झाली, १८७३ साली नवा जमीनमहसूल आला, डोंगरांना मालक मिळाले. वाटेल त्या रानात झाड तोडण्याची सोय संपली. आपल्याला सम्राटांची परवानगी आहे, असे दाखवणारे जुने कागद किजिशी पुढे करीत. संशोधक ते बनावट ठरवतात. पुष्कळ कुटुंबे गावात उतरली, काहींनी शेती धरली. त्याच सुमारास पायाने चालणारे आणि पाणचक्कीवरचे रोकुरो पसरले, नंतर वीज आली, आणि बायकोच्या हातातली दोरी सुटली.

इशिकावा प्रांतातल्या यामानाका गावी आजही वाट्या कातल्या जातात. तिथल्या काझीगरांपैकी कावाकिता र्‍योझो यांना १९९४ साली सरकारने राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविले. तिथले यंत्र मोटारीवर चालते. मोटार एकाच दिशेला फिरते, तरी कारागिराच्या पायाखाली अशी योजना असते की दाबताच आस उलटा फिरावा, पुन्हा दाबताच सुलटा. जसा तो दोरीवर फिरत असे.