तलवारीवरचं नाव

खंडेनवमी जवळ आली की माझ्या मोबाइलवर तलवारींचे फोटो यायला लागतात. मला जुन्या शस्त्रांचा नाद आहे हे मुखेड-उदगीर भागातल्या ओळखीच्या लोकांना ठाऊक आहे. फोटोखाली प्रश्न बहुधा एकच असतो, "शिवकालीन आहे म्हणतात, घेऊ का?" आणि सांगितलेली किंमत चांगल्या बैलजोडीएवढी. तेव्हा एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी पात्यावरचा मजकूर बघा. नकली तलवार फार बोलते. पात्यावर 'छत्रपती शिवाजी महाराज' असं आजच्या छापील वळणाचं नाव आणि शेजारी '१६७४' हा आकडा. आता सांगा, त्या काळी आपल्याकडे इसवी सन लिहीत होतं कोण? राज्याभिषेक झाला तो शके १५९६ मध्ये. कागदोपत्री शक असे, सुहूर सन असे. शिवराईवर देवनागरी अक्षरं आहेत, पण ती बघा कशी ओबडधोबड आहेत. इसवी सन दिसला की पुढचं बघायचं कारण उरत नाही.

मग घडण. जुनं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून ते हातात तोललं जातं. नवं पातं पत्र्याच्या पट्टीतून कापलेलं, सगळीकडे सारख्याच जाडीचं, आणि हातात घेतलं की टोकाकडे ओढतं. जुनी मूठ बहुधा लोखंडी आणि आतून पोकळ; त्यात लाख किंवा राळ ओतून पातं बसवलेलं असतं. नकलीत ओतीव पितळेची मूठ, साच्याची रेघ तशीच, नाहीतर सरळ वेल्डिंगचा डाग. गंज तपासा. ॲसिड लावून आणलेला गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा असतो. वयाने आलेला गंज काळपट, आणि जिथे हात लागत आला तिथे गुळगुळीत. सोन्याचं जुनं काम असेल तर त्याखाली लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या चरांची जाळी दिसते, सोन्याची तार त्यात ठोकून बसवलेली असते. नुसता मुलामा असेल तर जाळी नसते.

इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे.

मराठ्यांची आवडती सरळ तलवार म्हणजे फिरंग. नावच सांगतं की पातं परदेशी, मूठ आपली. पोर्तुगीजांमुळे आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत युरोपातली पाती इकडे येत, त्यांत जर्मनीतल्या सोलिंगेनची बरीच. सोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. इटलीतल्या जिनोआच्या नावाने ओळखली जाणारी दातेरी कोयत्यांची खूणही प्रसिद्ध होती. या मालाला भाव होता, म्हणून आपल्याकडच्या कारागिरांनी त्या खुणांची नक्कल केली. वाचता न येणारी लॅटिन अक्षरं उलटीसुलटी उमटली. म्हणजे खूण खोटी आणि तलवार मात्र खरीच, तीनशे वर्षांपूर्वीची! अशा तलवारीला नकली म्हणायचं का? मी म्हणणार नाही. त्या काळच्या बाजाराबद्दल ती खोटी खूणच जास्त सांगून जाते.

आणि खऱ्या राजशस्त्रावर तरी काय असतं? इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात एक तलवार आहे. कोल्हापूरच्या महाराजांनी ती १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिली. तिला कोणी जगदंबा म्हणतं, कोणी भवानी. वाद मिटलेला नाही. पातं युरोपी आहे आणि त्यावर 'आयएचएस' ही ख्रिस्ती अक्षरं आहेत. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला वाघनखं आली. ती अफझलखानावर चालवलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं त्या म्युझियमचंच म्हणणं आहे. एवढं मोठं म्युझियम जिथे चाचरतं, तिथे आठवडी बाजारातला माणूस छातीठोक सांगतो. यावरूनच ओळखा.

पण पैसे बुडतात याचं मला तितकं वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आपल्या भागात खऱ्या जुन्या तलवारी आहेत. जवळच उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. पुढे १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात अरब आणि रोहिले शिपाई चाकरीला होते, गावोगावी देशमुख-पाटलांचे वाडे होते. एखाद्या देव्हाऱ्यामागे गंजून पडलेली तलवार बहुधा या इतिहासातली असते. कोणा साध्या शिपायाची, कोणा जमादाराची. तिच्यावर नाव नसतं म्हणून घरच्यांना ती कमी वाटते. मग कोणीतरी पॉलिश पेपर मारून ती चकचकीत करून देतो, वर मोठं नाव कोरून देतो, आणि भाव दसपट होतो. जुना काळपट थर गेला, मुठीवरची झीज गेली. शिवरायांचा इतिहास त्याने वाढला नाही आणि मुखेडचा मात्र एक पुरावा कायमचा पुसला गेला. नव्या पट्टीची नकली तलवार फार तर खिसा रिकामा करते. हे नुकसान भरून येत नाही.

म्हणून दोन सूचना. विकत घेणार असाल तर विक्रेत्याला परवाना विचारा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो. बहुतेक वेळा त्या प्रश्नालाच 'शिवकालीन' तलवार 'शोभेची वस्तू' होते. आणि घरात जुनी तलवार असेल तर तिला घासू नका, काही कोरू नका. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. आजी-आजोबा तिच्याबद्दल जे सांगतात ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

नवमीला पूजा करताना हळदकुंकू म्यानाला वाहिलं तरी चालतं. पात्यावर ओलं गंध नको. देवी रागावणार नाही.